बाबांनी चार दिवस लपवलेली गोष्ट

माझी आई शेजारणींना सांगते, "आमची मोठी कॉम्प्युटरची वॉचमन आहे." सुरुवातीला मला हसू यायचे. आता वाटते, माझे काम इतक्या थोडक्यात मलाही सांगता आले नसते. ऐरोलीच्या एका कंपनीत मी आठ वर्षे सायबर सुरक्षेचे काम करते. आमच्या खोलीत भिंतभर स्क्रीन आहेत. परदेशातल्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कोण आले, कुठून आले, अवेळी कुठली फाईल उघडली, याच्या नोंदी त्यांवर सतत सरकत असतात. एखादी नोंद खटकली की अलर्ट येतो. मग खरोखरच कुणी चोर शिरला आहे की आपलाच माणूस पासवर्ड विसरून खटपट करतो आहे, हे आम्ही पाहायचे. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र, म्हणून माझी ड्यूटी बहुतेक रात्रीची. पहाटे ऑफिसची गाडी कल्याण पूर्वेला चाळीच्या तोंडाशी सोडते, तेव्हा बाबा रिक्षा पुसत असतात. मी झोपायला जाते आणि ते कामाला निघतात.

वाचकहो, २०२५ या वर्षाचा हिशेब मांडायला बसले तर जमेच्या बाजूला पगारवाढ आहे, एक परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र आहे. पण ज्या गोष्टीने मला माझे काम खऱ्या अर्थाने शिकवले, ती कुठल्याही प्रमाणपत्रात नाही. ती आमच्या घरात घडली. सांगायला लाज वाटते. पण ती लाज हाच या लेखाचा विषय आहे, म्हणून सांगते.

एक चलान आणि पावणेदोन लाख

जून महिन्यातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी बाबा स्टँडवर नंबर लावून बसले होते. व्हॉट्सॲपवर मेसेज आला. रिक्षाचा नंबर बरोबर लिहिलेला, सिग्नल तोडल्याचा दंड, आणि खाली एक फाईल, 'चलान पाहण्यासाठी उघडा.' रिक्षावाल्याला चलानची काय धास्ती असते हे ज्याच्या घरात रिक्षा आहे त्यालाच कळेल. दंड थकला की पासिंगच्या वेळी अडवणूक होणार, ही भीती. बाबांनी फाईल उघडली. फोनने दोन-तीनदा काहीतरी परवानगी विचारली, त्यांनी 'होय' दाबले. चलान काही दिसले नाही. तेवढ्यात भाडे आले आणि ते निघून गेले.

ती फाईल कागद नव्हती, ॲप होते. आम्ही तिला एपीके म्हणतो. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेले असले ॲप एकदा फोनमध्ये बसले आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतो. मालकाला कधी कधी तो दिसतही नाही. त्या रात्री बारा वाजायच्या थोडे आधी आणि बारा वाजून गेल्यावर, असे चार वेळा मिळून १ लाख ४८ हजार रुपये बाबांच्या खात्यातून गेले. मध्यरात्रीची वेळ चोर मुद्दाम साधतात. तारीख बदलली की दिवसाची मर्यादा नव्याने सुरू होते.

ते पैसे धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे होते. विम्याची मुदत संपून आलेली रक्कम, आणि वर दोन वर्षांची बाबांची बचत.

शुक्रवारी सकाळी बाबा एटीएमवर गेले तेव्हा त्यांना कळले. ते घरी आले, जेवले नाहीत, ऊन लागले म्हणाले. मी शेजारच्या खोलीत झोपलेली होते. आठ वर्षे सायबर सुरक्षेत काम करणारी त्यांची मुलगी दहा पावलांवर झोपली होती, आणि त्यांनी तिला उठवले नाही.

शनिवारी भिशीचे २६ हजार त्यांच्या खात्यात आले. ॲप अजून फोनमध्येच होते. अर्ध्या तासात तेही गेले. एकूण १ लाख ७४ हजार.

सोमवारी रात्री मी ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. आई बाबांना म्हणाली, "उद्या कॉलेजचे पैसे भरायची तारीख आहे, बँकेत जाऊन या." बाबा खाटेवरून उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून त्यांनी सगळे सांगितले. मी ओरडलेच, "बाबा, शुक्रवारीच का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "तू रागावशील म्हणून."

माझी चूक

वाचकहो, हे उत्तर ऐकून मी खाली बसले. कारण त्याच वर्षी जानेवारीत काय घडले होते ते मला आठवले. बाबांनी घरच्या ग्रुपवर 'मोफत रिचार्ज'चा एक खोटा मेसेज पुढे पाठवला होता. मी सगळ्या नातेवाइकांच्या देखत लिहिले होते, "बाबा, एवढंही कळत नाही का? पुन्हा पाठवलंत तर ग्रुपमधून काढून टाकीन." आत्या हसली, चुलतभावांनी हसणारी चित्रे टाकली, मीही हसले. बाबांनी त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही. ते समजले असे मी धरून चालले. ते शिकले ते एवढेच, की फसलो तर पोरीला कळता कामा नये.

त्या रात्री मी ड्यूटीवर गेले नाही. फोनचे नेट बंद केले, बँकेला फोन करून खाते गोठवायला सांगितले, १९३० वर तक्रार नोंदवली. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला कळवले जाते. तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला. जिथे पैसे सापडतील तिथे ते थांबवले जातात. म्हणजे ही शर्यत असते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. ती शर्यत आम्ही चार दिवस उशिरा सुरू केली. ९ हजार ३०० रुपये थांबले. बाकीचे गेले.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा एक नियम मला तोंडपाठ आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. शुक्रवारी सकाळी बाबांनी तोंड उघडले असते, तर निदान शनिवारचे २६ हजार नक्की वाचले असते. ते २६ हजार फाईलने घेतले नाहीत. ते त्यांच्या गप्प बसण्याने गेले, आणि त्यांना गप्प मी बसवले होते.

तपासात एक गोष्ट कळली. आमचे पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते परराज्यातल्या एका मजुराचे होते. काही हजार रुपये घेऊन त्याने आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी 'वापरायला' दिले होते. खरा चोर दिसलाच नाही. सापडला तो आमच्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस. आपल्या वस्त्यांतल्या बेकार पोरांनाही अशा 'खाते भाड्याने द्या' म्हणणाऱ्यांनी गाठले आहे. पोरांनो, तो भाड्याचा व्यवहार नव्हे. गुन्ह्याचा माग लागतो तेव्हा पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात.

धाकटीचा प्रवेश झाला. आईच्या बांगड्या बँकेत गेल्या आणि मी पगारातून उचल घेतली. बाबा ६३ वर्षांचे आहेत. ते आता रोज दोन तास जास्त रिक्षा चालवतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत.

फसतात ते अडाणीच असतात काय?

बाबा बरेच दिवस म्हणत, "आम्ही अडाणी माणसं, म्हणून फसलो." हे खोटे आहे, आणि ते मी त्यांना पुराव्यानिशी सांगितले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या नावाजलेल्या दुकानांच्या कंपनीत चोर शिरले. त्यांनी फार मोठे यंत्र वापरले असे नाही. दुसराच कुणी असल्याचे सोंग घेऊन त्यांनी आत शिरकाव केला, असे कंपनीच्या अध्यक्षांनी तिथल्या खासदारांसमोर सांगितले. कंपनीची ऑनलाईन विक्री सहा आठवड्यांहून जास्त बंद राहिली आणि सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल, असा अंदाज तिने दिला. बाबांना आला तो चलानचा सोंगाडा. तिथेही सोंगाडाच.

सप्टेंबरमध्ये टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे कारखाने सायबर हल्ल्यामुळे बंद पडले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ब्रिटनला १ अब्ज ९० कोटी पौंडांचे नुकसान झाले आणि ५ हजारांवर संस्थांना झळ बसली, असा तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरचा अंदाज आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांतले कामगार घरी बसले. गेट बंद झाल्यावर कामगाराच्या चुलीचे काय होते, हे गिरण्यांच्या मुंबईला सांगायला नको. फरक एवढाच की इथे टाळे कॉम्प्युटरला लागले होते.

आपल्याकडचा आकडाही मोठा आहे. २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले, अशी माहिती सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत दिली. आदल्या वर्षी हाच आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. एवढे सगळे लोक अडाणी कसे असतील? त्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत.

पण माझ्या मनात रुतून बसली ती वेगळीच हकीकत. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायरला १५८ वर्षे जुनी एक मालवाहतूक कंपनी होती. तिचे सुमारे ५०० ट्रक आणि ७०० कामगार होते. २०२३ मध्ये चोरांनी एका कामगाराचा कच्चा पासवर्ड ओळखून आत प्रवेश मिळवला असावा, असे मानले जाते. सगळी माहिती कुलूपबंद झाली, कंपनी बुडाली, ७०० जण रस्त्यावर आले. जुलै २०२५ मध्ये बीबीसीने तिच्यावर कार्यक्रम केला. त्यात कंपनीचे एक संचालक म्हणाले, की तो पासवर्ड ज्याचा होता त्या कामगाराला आपण हे सांगितलेलेच नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हाला ते कळायला हवे होते काय, असे त्यांनी उलट विचारले.

पहाटे ऑफिसच्या गाडीत मी हे मोबाईलवर वाचले आणि डोळे भरून आले. मी जानेवारीत एका मोफत रिचार्जवरून बापाला चारचौघांत खाली बघायला लावले होते. तो माणूस ७०० जणांची रोजी गेली तरी एका कामगाराला त्या ओझ्यापासून वाचवत होता.

ऑफिसातली यादी

आता ऑफिसातले सांगते. आमच्याकडे वर्षातून काही वेळा कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतात. मुद्दाम खोटा मेल पाठवायचा आणि कोण फसते ते पाहायचे. फेब्रुवारीत जे फसले त्यांची नावे यादी करून सगळ्यांना पाठवली गेली. ती यादी तयार करणाऱ्यांत मीही होते. अकाउंट्समधल्या एका कंत्राटी मुलाचे नाव त्यात होते. त्याला महिनाभर सगळे 'क्लिक' या नावाने हाक मारत.

ऑगस्टमध्ये रात्री तीन वाजता आमच्याच कंपनीच्या एका खात्यावर अलर्ट आला. पाहिले तर त्याच मुलाचे खाते, आणि आत दुसराच कुणी. आमच्या पुरवठादारांना 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, आता इथे पैसे पाठवा' असे मेल जायला सुरुवात झाली होती. आम्ही खाते बंद केले, सकाळी एकेका पुरवठादाराला फोन केला. थोडक्यात निभावले. मग नोंदी मागे पाहत गेले तेव्हा दिसले, की खोट्या मेलमध्ये त्याने पासवर्ड टाकला तो आदल्या दुपारी चार वाजता. अकरा तास झाले होते.

त्याला एका बाजूला घेऊन विचारले, "तुझ्या लक्षात कधी आलं?"

"लगेच आलं, मॅडम. पाच मिनिटांत."

"मग फोन का नाही केलास?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, फेब्रुवारीच्या यादीत नाव होतं. परत आलं असतं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं."

हे वर्षाच्या सुरुवातीला घडले असते तर मी त्याला सुनावले असते. आता मला त्याच्या आवाजात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला माझा बाप ऐकू आला. मी साहेबांकडे गेले आणि म्हटले, ही यादी बंद करा. चूक करणाऱ्याचे नाव लावून आपण चूक थांबवत नाही, फक्त ती आपल्याला कळायची थांबवतो. साहेब लगेच मानले नाहीत. त्या मुलाचे कंत्राट राहावे म्हणूनही दोनदा भांडावे लागले. पण ऑक्टोबरपासून यादी बंद झाली. आता नियम असा आहे, की ज्याने स्वतःहून लगेच कळवले त्याला जाब विचारायचा नाही. हल्ली रोज कुणी ना कुणी फोन करते, "मॅडम, हा मेल बघा ना." बहुतेक वेळा मेल साधाच असतो. तरी आम्ही धन्यवाद म्हणतो. सर्वांत जास्त फोन त्या मुलाचे असतात, आणि त्याला आता त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात.

चोर पहिल्यांदा काय म्हणतो?

'डिजिटल अरेस्ट'ची प्रकरणे तुम्ही ऐकली असतील. खोटा पोलीस, खोटा न्यायाधीश व्हिडिओवर दिसतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतो, तासन्तास फोनसमोर बसवून ठेवतो आणि पैसे उकळतो. कायद्यात अशी कुठली अटकच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे दिला. या चोरांचे एक वाक्य ठरलेले असते. 'घरात कुणाला सांगू नका.' त्यांना पक्के ठाऊक असते, की माणूस उठून शेजारच्या खोलीत गेला आणि बोलला, की त्यांचा खेळ संपला. मग जे काम चोर करतो तेच आपण घरात रागावून, हसून करायचे काय?

म्हणून या वर्षातून शिकलेले चार शब्द माझ्या भगिनींसाठी आणि भावांसाठी लिहिते:

१. फोनवर आलेली चलानची, वीजबिलाची, लग्नपत्रिकेची फाईल उघडू नका. चलान पाहायचे तर सरकारी साईटवर जाऊन पाहा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी दाखवा.

२. फसलात असे वाटले तर पहिल्यांदा फोनचे नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. मेसेज पुसू नका, ते पुरावा आहेत.

३. आपले खाते, कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका.

४. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात कुणी फसले तर पहिले वाक्य 'असं कसं केलंस?' हे नको. 'बरं झालं लगेच सांगितलंस' हे असू द्या. रागवायचे तर नंतर रागवा.

स्टँडवरचा वॉचमन

बाबा बरेच दिवस स्टँडवर कुणाशी बोलत नव्हते. दिवाळीनंतर एके दिवशी काय मनात आले कोण जाणे, नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच सांगून टाकले. किती गेले, कसे गेले, चार दिवस कसे लपवले, सगळे. ते सांगत होते की काही जण हसले. त्यांनी हसू दिले. मग म्हणाले, "हसा, पण तुमचं झालं तर मला लगेच सांगा. माझी पोरगी रागावत नाही आता."

डिसेंबरमध्ये एका दुपारी स्टँडवरचा एक तरुण पोरगा धावत त्यांच्याकडे आला. "काका, माझं पण झालं." ४२ हजार गेले होते, नुकतेच. बाबांनी मला उठवलेही नाही. स्वतःच्या फोनवरून १९३० लावला, त्या पोराला बँकेशी बोलायला लावले, त्याच्या फोनचे नेट बंद करायला सांगितले. पंधरा-वीस मिनिटांत तक्रार नोंदली गेली. ४२ पैकी ३१ हजार पुढच्या खात्यात थांबले.

संध्याकाळी मी उठले तेव्हा बाबा चहा घेत बसले होते. त्यांनी सगळे सांगितले आणि विचारले, "बरोबर केलं ना?"

मी म्हटले, "बाबा, आठ वर्षांत मला इतक्या लवकर कुणी कळवलेलं नाही."

आई आतून म्हणाली, "आता घरात दोन वॉचमन झाले." बाबा हसले. जूननंतर त्यांना तसे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. त्या रात्री त्यांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा लिहिले. जानेवारीनंतरचा त्यांचा तो पहिलाच मेसेज. एवढेच होते, "कुणाचे पैसे गेले तर लाजू नका. १९३० लावा. नाहीतर मला लावा."